गावचं दप्तर: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्याच्या बहुतेक पत्रांत एकच अडचण आहे. गावात पूर्वी काय होतं ते जुनी माणसं खात्रीने सांगतात, पण कचेरीत त्याला कागद लागतो. तो कागद कुठे असतो, कोणत्या नावाने मागायचा आणि कोणत्या कायद्याखाली पुढे करायचा, एवढ्यापुरतीच उत्तरं दिली आहेत.

प्रश्न (शिरूर तालुका, पुणे जिल्हा): आमच्या शेतात जाणारा पूर्वापार गाडीरस्ता शेजाऱ्याने जूनमध्ये नांगरून टाकला. सात-बारावर रस्त्याची नोंद नाही. नोंद नाही म्हणजे रस्ताच नाही, असं आम्हाला सांगितलं जातं. हे खरं आहे का?

नाही. सात-बारावर रस्त्याची नोंद नसणं राज्यभर सर्रास आढळतं. रस्ता आधी बघायचा तो गावनकाशात. तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात गावनकाशाची आणि दोन्ही शेतांच्या टिपणांची (म्हणजे मोजणीच्या वेळी मापं लिहून काढलेल्या आराखड्यांची) प्रमाणित नक्कल मागा. तुमच्या गावात एकत्रीकरण योजना झाली असेल तर सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले असतील. अशा वेळी गटाचा नकाशा आणि त्याआधीचा सर्व्हे नंबरांचा नकाशा, दोन्ही मागा, सोबत जुन्या-नव्या नंबरांचा तक्ताही घ्या. जुन्या नकाशात ठळक असलेला रस्ता गटाच्या नकाशात उतरलाच नाही, असं बऱ्याच गावांत झालं आहे. फक्त नवा नकाशा जोडला तर अर्ज तिथेच लंगडा पडतो.

नकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवतात. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट धरली जाते. जुनी मोजणी ३३ फुटी साखळीने व्हायची. साडेसोळा म्हणजे अर्धी साखळी, सव्वाआठ म्हणजे पाव साखळी. त्याच साखळीचा चौरस म्हणजे गुंठा: ३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. रुंदी मात्र पट्टी लावून नकाशावरून काढायला जाऊ नका. एक इंचास २० साखळ्या अशा प्रमाणाच्या नकाशात एक इंच म्हणजे ६६० फूट होतात. साडेसोळा फुटांचा रस्ता तिथे इंचाच्या चाळिसाव्या भागाएवढा, म्हणजे रेघेच्याच जाडीचा येतो. नकाशावरून रस्त्याचं अस्तित्व आणि दिशा सिद्ध होते. रुंदीसाठी टिपण आणि जागेवरची मोजणी लागते.

कायदा कोणता, हा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि सर्वाधिक अर्ज इथेच फसतात. वहिवाटीचा असलेला रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ लागतं. शेताला रस्ताच नाही आणि बांधावरून नवा हवा आहे, तेव्हा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १४३ लागतं. दोन्ही अर्ज तहसीलदारांकडेच जातात, म्हणून लोक दोन्ही कलमं एका अर्जात लिहून मोकळे होतात. मग समोरचा माणूस विचारतो, "रस्ता होता म्हणता, मग नवा कशाला मागता?" तुमच्या बाबतीत कलम ५ च.

या कलमाला मुदत आहे: अडथळा झाल्यापासून सहा महिने. जूनच्या अमुक तारखेला रस्ता नांगरला असेल तर डिसेंबरच्या त्या तारखेआधी दावा दाखल झाला पाहिजे. तलाठ्यांकडे तोंडी तक्रार, तंटामुक्ती समितीची बैठक, भाऊबंदांची समजूत यात दिवाळी निघून जाते आणि मुदतही. समेटाचं बोलणं चालू ठेवा, पण दावा आधी दाखल करा. दाव्यात दोन्ही पक्षांची पूर्ण नावं व पत्ते, रस्ता कोणत्या नंबरांतून कुठून कुठे जातो, त्याचा अडवलेला भाग कोणता, अडवल्याची नेमकी तारीख आणि साक्षीदार लिहा. खाली सत्यापन करून सही करा. "अंदाजे पावसाळ्याच्या सुरुवातीला" असं तारखेच्या जागी लिहिलं की मुदतीचा मुद्दा समोरच्याच्या हाती जातो.

स्थळपाहणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. पंचनाम्यात काय लिहिलं जातं यावर निकालाचा बराचसा भार असतो. बांधाला पूर्वीपासून असलेली वाट, ओढ्यावरचा पाइप किंवा फरशी, दोन्ही कडेची एका ओळीतली जुनी झाडं, नांगराखाली टणक लागणारी चाकोरीची माती, हे सगळं तिथल्या तिथे लिहून घ्यायला सांगा. जुन्या तारखांची उपग्रह छायाचित्रं तारखेसकट छापून जोडली तर फार उपयोग होतो. निकालाविरुद्ध या कायद्यात अपील नाही, फक्त फेरतपासणी आहे. ती जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात चालते आणि हे अधिकार बहुधा प्रांताधिकाऱ्यांकडे सोपवलेले असतात.

प्रश्न (अर्जुनी मोरगाव तालुका, गोंदिया जिल्हा): गावच्या मालगुजारी तलावावर गुरांना पाणी, मासेमारी आणि गाळ नेणं हा सगळ्या गावाचा हक्क होता असं जुने लोक सांगतात. याचा लेखी आधार कुठे सापडेल?

सापडण्याची शक्यता चांगली आहे, कारण पूर्व विदर्भात या गोष्टी फार पूर्वीपासून लिहून ठेवल्या गेल्या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातले हजारो तलाव कोहळी समाजाने आणि इतर गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधले. पाळ कुठे घालायची, तुडूम (पाणी सोडायची मोरी) कुठे बसवायचा, सांडवा कोणत्या अंगाला काढायचा, हे ज्ञान त्यांचं. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या मालगुजाराची पद्धत, आली तेव्हा मालकी मालगुजाराच्या नावे लागली, पण गावाचे वापराचे हक्क वेगळे नोंदले गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे हक्क शासनाकडे गेले आणि त्यानंतर लोक त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव म्हणू लागले. गावाच्या लेखी हक्कांचा विसर पडला तो याच काळात. मालक बदलला म्हणजे वहिवाटही संपली, असा समज कचेऱ्यांनीही करून घेतला आणि गावांनीही. तो समज चूक आहे.

चार कागद मागा: बंदोबस्ताची (सारा ठरवण्यासाठी झालेल्या जुन्या मोजणीची) मिसल, म्हणजे फाइल, १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. निस्तार पत्रकात गावच्या बिनवहिवाटीच्या जमिनीवर चराई, जळाऊ लाकूड, माती-मुरूम वगैरे कोणाला, कशासाठी, कोणत्या अटीवर नेता येईल ते असतं. वाजिब-उल-अर्जात सिंचन, वाट, मासेमारी यांसारख्या गावच्या रूढी असतात. महसूल अधिनियमात निस्तार पत्रक कलम १६१ मध्ये आणि वाजिब-उल-अर्ज कलम १६५ मध्ये आहे. हे कालबाह्य कागद नाहीत, चालू कायद्यातले आहेत. दोन्हींचं क्षेत्र वेगवेगळं आहे, त्यामुळे एक पाहून थांबू नका. तलाव शासनाकडे असेल तर वाजिब-उल-अर्ज एकटा पुरा पडत नाही, निस्तार पत्रक आणि जुनी मिसल सोबत लागते.

अर्जावर मौजा, पटवारी हलका नंबर, राजस्व निरीक्षक मंडळ आणि जुना बंदोबस्त नंबर लिहा. बंदोबस्त नंबर नसेल तर अभिलेख कक्षात गठ्ठा सापडत नाही आणि "उपलब्ध नाही" असा शेरा मारून अर्ज परत येतो. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. म्हणून गोंदियात न मिळालेला कागद भंडाऱ्याच्या जिल्हा अभिलेख कक्षातही मागा. दोन स्वतंत्र अर्ज करा.

तलाव किंवा त्याचा काठ वनक्षेत्रात येत असेल तर आणखी एक दार उघडं आहे. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(१)(ख) मध्ये निस्ताराचा सामूहिक हक्क नावानिशी आहे. त्याखालच्या नियम १३ नुसार गॅझेटियर, जनगणना, बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे हे सारे पुरावे चालतात, आणि एकाहून अधिक पुरावे जोडावे लागतात. एकट्या ज्येष्ठांच्या जबाबावर दावा टाकू नका. जबाब हवाच, पण त्याच्या शेजारी मिसलीचं एक पान असलं की त्याच जबाबाचं वजन वाढतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने सामूहिक वनहक्क मिळवला तो याच कायद्याखाली.

प्रश्न (अंबड तालुका, जालना जिल्हा): पणजोबांच्या जमिनीचे कागद उर्दूत आहेत, वर "१३५८ फ." असं लिहिलं आहे. ते वाचायचं कसं? आणि पूर्वीचे कागद कोणत्या जिल्ह्यात शोधायचे?

"फ." म्हणजे फसली सन. निजामाच्या राज्यातल्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतं. १३५८ अधिक ५९० म्हणजे १९४८, आणि हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असल्याने तुमचा कागद १९४८-४९ चा. म्हणजे संस्थान भारतात सामील झालं, नेमक्या त्या काळातला. या काळातल्या नोंदी पुढच्या नोंदींशी ताडून पाहाव्याच लागतात. मराठवाड्यात १९५४ च्या सुमाराचं खासरा पत्रक त्यासाठी पायाचा कागद मानलं जातं. त्याच्या जोडीला पाहणी पत्रक (पीकपाहणीची नोंद) आणि सेतवार (सर्व्हे नंबरवार क्षेत्र आणि साऱ्याची यादी) मागा. जमीन इनामी असेल तर "मुंतखब" आहे का ते विचारा. इनामाची चौकशी होऊन झालेला निर्णय त्यात असतो, आणि त्यावाचून इनामाच्या वादात पुढे पाऊल टाकता येत नाही.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. अंबड त्याआधी औरंगाबाद जिल्ह्यात होता, परतूर परभणीत. अंबडचे जुने गठ्ठे छत्रपती संभाजीनगरला शोधा. हाच नियम इतरांनाही लागू: लातूर १९८२ पूर्वी उस्मानाबादेत, हिंगोली १९९९ पूर्वी परभणीत, सिंधुदुर्ग १९८१ पूर्वी रत्नागिरीत, पालघर २०१४ पूर्वी ठाण्यात. सांगलीला तर १९६० पर्यंत दक्षिण सातारा हेच नाव होतं आणि त्यात सांगली, मिरज, जत ही संस्थानं विलीन झालेली. तिथे कागद शोधताना गाव कोणत्या संस्थानचं होतं हे आधी ठरवा.

पश्चिम महाराष्ट्रातल्या मोडी कागदांवर सुहूर सन दिसतो, तोही अरबी संख्यांच्या मराठी उच्चारात. "सबा सबैन मया व अलफ" म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७७. त्यात ५९९ मिळवले की १७७६ येतं. हे वर्ष जूनमध्ये, मृगाला सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मे महिन्यांतल्या कागदाला ६०० मिळवायचे. शकात ७८ मिळवतात, आणि पौषात जानेवारी लागल्यापासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९. एका वर्षाची चूक किरकोळ वाटते, पण वारसाच्या वादात मृत्यू आधी की खरेदी आधी, हे त्या एका वर्षावर ठरू शकतं.

प्रश्न (कोरेगाव तालुका, सातारा जिल्हा): आजोबांची महार वतनाची जमीन सात-बारावर आता "सरकार" नावाने दिसते. कसणारे आम्हीच आहोत. काय झालं असेल?

कनिष्ठ गावकामगार वतनं १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, अंमल १ ऑगस्ट १९५९ पासून. वतनाबरोबर जमीन शासनजमा झाली. मात्र ठरलेल्या मुदतीत कब्जेहक्काची रक्कम भरणाऱ्या वतनदाराला ती परत मिळणार होती. याला बोलीत रिग्रँट म्हणतात. रक्कम शेतसाऱ्याच्या पटीत, म्हणजे बाजारभावाच्या मानाने अगदी थोडी होती. पण नोटीस पोहोचली नाही, कोणी वाचून दाखवली नाही, हाताशी पैसे नव्हते, अशा कारणांनी अनेक कुटुंबांनी ती भरली नाही आणि जमिनीवर शासनाचं नाव चढलं. या वतनातल्या वेठीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ सालीच मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं होतं. वतन गेलं ते योग्यच झालं, पण एका न भरलेल्या चलनामुळे जमीनही जावी हा मोठा अन्याय आहे, आणि शक्य तिथे तो दुरुस्त करून घेतलाच पाहिजे.

१९५९ पासून पुढच्या दहा वर्षांचे फेरफार क्रमाने पाहा. त्यांत तीनपैकी एक गोष्ट सापडेल. रक्कम भरली, रिग्रँटचा आदेशही झाला, पण फेरफार पडला नाही, असं असेल तर चलनाची किंवा आदेशाची नक्कल घेऊन नोंद घ्यायला लावता येते. रक्कमच भरली नसेल तर अर्ज प्रांत आणि जिल्हाधिकारी पातळीवर जातो. तिथे कसवणुकीचा सलग पुरावा, म्हणजे गाव नमुना १२ मधल्या पीकपाहणीच्या नोंदी, हाच तुमचा मुख्य आधार. जमीन मिळाली पण मध्येच कोणाला विकली, हा तिसरा प्रकार. रिग्रँट जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, म्हणून परवानगीचा क्रमांक फेरफारात आहे का ते बघा. तहसील कार्यालयातलं इनाम रजिस्टरही पाहा. जमीन वर्ग ६ मध्ये आहे का, जुडी (इनामी जमिनीवरचा सवलतीचा सारा) किती होती, हे तिथे कळेल. देवस्थान इनाम वर्ग ३ मध्ये येतं, त्याचे नियम वेगळे. दोन्हींची गल्लत करू नका.

प्रश्न (रायगड जिल्हा): वेशीवर सूर्य-चंद्र आणि खाली गाढव कोरलेला दगड आहे. रस्तारुंदीत तो हलवणार आहेत. काही जण त्याला ऑइलपेंट लावू म्हणतात.

रंग अजिबात लावू नका. हा गधेगळ आहे, बहुधा शिलाहारकाळातला. तो देव नाही आणि शोभेची वस्तूही नाही, तो जमिनीच्या दानाचा कायदेशीर दस्तऐवज आहे. वर "यावच्चंद्रदिवाकरौ", म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत, अशा अर्थाने चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली दान मोडणाऱ्याला शिवी, म्हणजे दंडाचं कलम. मजकूर कोरलेला असेल तर तो मधल्या भागात असतो आणि झिजलेला असला तरी बऱ्याचदा वाचता येतो. ऑइलपेंटने दगडाची रंध्रं बुजतात, आतला ओलावा बाहेर पडायला वाट राहत नाही आणि काही पावसाळ्यांत पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. पापुद्र्याबरोबर अक्षर जातं.

आधी नोंद करा. साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धूळ काढा. तारेचा ब्रश, आम्ल, अक्षरांत खडू किंवा चुना, यातलं काही वापरू नका. अंधार पडल्यावर कॅमेरा दगडाच्या अगदी समोर आणि समांतर धरा, आणि टॉर्च बाजूने, जवळजवळ दगडाला टेकवून लावा. डावीकडून, उजवीकडून, वरून असे वेगवेगळे फोटो घ्या. दिवसा न दिसणारी अक्षरं अशा आडव्या उजेडात उठून येतात. उंची-रुंदी, दगडाचं तोंड कोणत्या दिशेला आहे आणि जागेचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवा.

मग ग्रामसभेत ठराव घ्या आणि त्याची प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या सहायक संचालकांना आणि रस्त्याचं काम करणाऱ्या खात्याला पोहोच घेऊन द्या. हलवणं टळतच नसेल तर त्यांच्या सल्ल्यानेच, गावातच, मूळ जागेच्या जवळात जवळ आणि सिमेंटमध्ये न पुरता बसवा. सिमेंटमध्ये बसवताना खालच्या दोन-तीन ओळी गाडल्या गेल्याचं फार ठिकाणी दिसतं.

प्रश्न: विहीर खणताना नाण्यांचा गाडगा लागला तर ती कोणाची?

निखात निधी अधिनियम, १८७८ लागतो. सापडलेल्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे: काय, किती, कुठे, कोणत्या तारखेला. ऐवज जवळच्या कोषागारात जमा करायचा किंवा तारण द्यायचं. मालक निघाला नाही आणि वेगळा करार नसेल, तर कायद्याप्रमाणे सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागामालकाला एक चतुर्थांश वाटा. शासनाला ऐवज हवा असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देऊन ते तो घेऊ शकतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. नाणी घासून चकचकीत करू नका आणि गाडगा फेकू नका. नाणी कोणत्या काळात पुरली हे खापराच्या घडणीवरून कळायला मदत होते.

प्रश्न: चावडीच्या कपाटातलं जुनं दप्तर पावसाने भिजलं आहे. रद्दीत द्यावं का?

देऊ नका, तसा अधिकार ग्रामपंचायतीला किंवा कोणा एका कर्मचाऱ्याला नाही. जतनाच्या वर्गवारीत अ वर्गाचे अभिलेख कायमचे असतात, आणि त्या गठ्ठ्यात गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक असण्याची शक्यता आहे. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. शाळेत न गेलेल्या पणजीचा एकमेव पुरावा याच वहीत असतो.

तलाठी आणि ग्रामसेवकांसमोर, यादी करूनच गठ्ठा उघडा. उन्हात वाळवू नका, कागद आक्रसतो आणि शाई फिकी पडते. सावलीत, पंख्याखाली, दर आठ-दहा पानांमागे कोरा टीपकागद घालून वाळवा आणि तो ओला झाला की बदला. चिकटलेली पानं ओली असताना ओढू नका. गंजलेल्या टाचण्या काढा. लॅमिनेशन करू नका आणि चिकटपट्टी लावू नका, पुढे तीच शाई उचलते. वाळल्यावर प्रत्येक पानाचा फोटो घ्या आणि मूळ दप्तर तहसीलच्या अभिलेख कक्षात यादीवर पोहोच घेऊन जमा करा. तिथे कोणी घ्यायला तयार नसेल तर माहिती अधिकारात, दहा रुपयांच्या शुल्कासह, "या गावाचे अ वर्गाचे अभिलेख सध्या कोठे आहेत" एवढा एकच प्रश्न विचारा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, आणि ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं.